आशा आणि गटप्रवर्तक प्रशिक्षणाचं परीक्षण: काटा शून्यावर आणला, पुढे?

दहावीपर्यंत शिकलेली गावातली सून आशा, म्हणजे गावपातळीवरची आरोग्यसेविका, होते, आणि त्यांच्यातली एखादी पुढे गटप्रवर्तक होऊन वीसेक आशांचं काम बघते. सरकारी आरोग्यसेवेत पाड्यावरच्या, तांड्यावरच्या, दलित वस्तीतल्या बाईला वर चढायला याहून जवळची शिडी सापडत नाही. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायची ठरलं, आणि ही शिडी उभी राहिली. या शिडीसाठी तयार केलेलं प्रशिक्षण बाईला हाताखालच्या बायकांचं काम बघायला, आणि वरच्या साहेबांपुढे बोलायलाही, तयार करतं का, एवढंच इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. हाताचं कसब शिकवण्यात हे प्रशिक्षण फार चांगलं आहे. पर्यवेक्षण शिकवण्यात मध्यम. सगळ्या वस्त्यांतल्या बायकांना पुढे आणण्यात कच्चं, आणि हा कच्चेपणा वर्गात दिसण्याआधी निवडीतच दिसतो.

चांगल्यापासून सुरुवात. आशांच्या प्रशिक्षणाच्या क्रमवार पुस्तिका आहेत, त्यांना मॉड्युल म्हणतात; मॉड्युल 6 आणि 7 हा या सगळ्याचा कणा. एकूण वीस दिवस, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या, फेऱ्यांच्या मध्ये गावात जाऊन सराव. मुळात पद्धत गडचिरोलीतली. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि अर्भकमृत्यू कसे उतरले ते 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. 2011 पासून तेच काम देशभरच्या आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. पूर्ण भेटींचा मोबदला 250 रुपये.

वर्गात एकेक कृती तपासणी यादीवर शिकवली जाते. वजन करायचं तर आधी रिकामी झोळी काट्याला अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ झोळीत, आकडा डोळ्यासमोर धरून वाचायचा. श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना; दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे, आणि तेवढेच आले तर दवाखाना. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करण्याची पळवाट इथे चालत नाही, कारण इतक्या लहान बाळाचा श्वास मध्येच थांबून पुन्हा वेग घेतो. फारसं वाचन नसलेली बाईही हे सगळं हाताने शिकते, आणि जी हाताने शिकली तिला डॉक्टरांसमोर आकडा ठामपणे सांगता येतो. ‘बाळ बरं वाटत नाही’ म्हणणारी आशा आणि ‘श्वास अडुसष्ट आहेत, दोनदा मोजले’ म्हणणारी आशा यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारी वागणूक वेगळी असते. पुढारपणाचा पाया इथे पडतो, जरी अभ्यासक्रमात त्या धड्यावर तसं नाव नसलं तरी.

नाव असलेला धडा मॉड्युल 5 मध्ये आहे: नेतृत्व, संवाद, निर्णय, वाटाघाटी, समन्वय. मजकूर बरा आहे, पण वर्गात तो वाचून दाखवला जातो. वजनकाट्यासाठी जशी यादी आहे तशी वाटाघाटीसाठी नाही. त्यामुळे शिकवणारा हुशार असेल तर धडा रंगतो, नाहीतर जेवणाआधी उरकला जातो.

आता गटप्रवर्तक. तिचं मुख्य काम पर्यवेक्षण भेटी आणि महिन्याची गटसभा. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून एका भेटीचे 250 चे 300 रुपये केले. महिन्याला वीस भेटी धरल्या तर 6000. वीस आशा आणि वीस भेटी, म्हणजे एका आशेच्या वाट्याला महिन्यातला एक दिवस. त्यात पेट्रोल आलं, एसटी चुकली तर रिक्षा आली. भेट झाल्याचा पुरावा म्हणजे सही. मग भेट अंगणवाडीत बसून होते, डायरी तपासली जाते, कॉलम भरले जातात, सही होते. यात कुणाचा आळस नाही. पैसे सहीवर मिळत असतील तर भेट सहीच्या आकाराचीच होणार. प्रशिक्षणात ‘सहाय्यभूत पर्यवेक्षण’, म्हणजे मदत करत केलेली देखरेख, हा शब्द खूपदा येतो, पण चार तासांच्या भेटीत कुठलं पाऊल आधी टाकायचं ते नेमकं सांगितलं जात नाही.

नेमकं सांगायचं तर ते असं. निघण्याआधी उपकेंद्राच्या नोंदवहीतून गेल्या 42 दिवसांतली बाळंतपणं उतरवून घ्यायची. गावात गेल्यावर आशेच्या यादीशी ती ताडायची. दोन याद्यांत जो फरक निघेल, तिथे पहिल्यांदा जायचं. घरं निवडताना सर्वांत लांबचं घर आधी, कारण लांबचं शेवटी ठेवलं की ते राहतंच. घरात गेल्यावर वजन आशेने करायचं, गटप्रवर्तकने फक्त बघायचं. चूक झाली तर बाळाच्या आईसमोर बोलायचं नाही, परतीच्या वाटेवर बोलायचं. बाळाला धोका असेल तेव्हाच लगेच. आशा पुढच्या घरी गेली की मागे थांबून आईला एकच विचारायचं: ‘ती याआधी कधी आली होती?’ आणि पुढच्या भेटीत बघायची एकच गोष्ट दोघींनी मिळून लिहून ठेवायची. पाच लिहिल्या तर एकही होत नाही.

सर्वांत मोठी गडबड दहा निकषांत आहे. आशा कार्यरत आहे की नाही हे दहा कामांवरून ठरतं: नवजात बाळाच्या भेटी, लसीकरण, संस्थात्मक बाळंतपण, जुलाब-न्यूमोनिया, पोषणाचा सल्ला, ताप, क्षयरोग, कुटुंबनियोजन, ग्रामसमितीची सभा वगैरे. कामाला हो किंवा नाही, मग बेरीज, मग तालुक्याची टक्केवारी, मग श्रेणी. हिशेब सोपा आहे म्हणून टिकला. पण समजा बाराशे वस्तीचं गाव आहे. गावठाण एकीकडे, आणि तीन किलोमीटरवर पंचवीस घरांचा कातकरी पाडा. वर्षाला वीसेक बाळंतपणं, त्यातली चार पाड्यावर. आशा गावठाणातल्या सोळाही बाळांकडे सगळ्या भेटी देते, पाड्यावर एकही नाही. काम ऐंशी टक्के, निकषाला ‘हो’, तालुक्याला वरची श्रेणी. ज्या चार बाळांसाठी ही योजना आणली, ती श्रेणीत कुठेच दिसत नाहीत. ‘वंचितांपर्यंत पोचा’ हे वाक्य प्रशिक्षण साहित्यात जागोजागी आहे, पण ज्या फॉर्मवरून श्रेणी ठरते त्यात वस्तीचा कॉलमच नाही.

दुरुस्तीला खर्च नाही. प्रत्येक निकषासमोर ‘सुटलेली वस्ती’ असा एक रकाना आणि गटसभेत एक नकाशा, एवढंच. मोठ्या कार्डशीटवर गाव काढायचं, प्रत्येक वस्तीतलं घर एका रंगाने, गेल्या तीन महिन्यांत भेट झालेलं घर दुसऱ्या रंगाने. अर्ध्या तासात कोरा कोपरा दिसतो. तो का कोरा आहे, हे मग बोलावं लागतं, आणि कारणं तीनच निघतात: अंतर, हंगाम, जात. अंतराला भेटींचे दिवस एकत्र करून तोड निघते. हंगामाचं वेगळं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ऊसतोड मजुरांचंही तेच, फक्त वाट वेगळी. त्यांची यादी निघण्याआधीच करून ज्या तालुक्यात जाणार तिथल्या गटप्रवर्तकला फोनवर द्यायची, एवढं साधं काम कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. जातीचं सर्वांत अवघड. आशा एका जातीची, वस्ती दुसऱ्या जातीची, किंवा आशेलाच उंबऱ्याबाहेर उभं करणारं घर. वर्गात यावर प्रसंग करून बघायला किमान दोन तास हवेत. एका परिच्छेदाने ते सुटत नाही.

निवडीकडे वळू. आशेसाठी पाड्यावर शिक्षणाची अट शिथिल होते, ते योग्यच. गटप्रवर्तकसाठी मात्र पदवी आणि दुचाकी धरली की पाड्यावरची बाई यादीतून आपोआप गळते. मग माडिया, कोरकू, पावरी किंवा वारली बोलणाऱ्या आशांवर मराठीच बोलणारी गटप्रवर्तक येते, आणि आईला ‘ती कधी आली होती’ हा प्रश्न विचारायला पुन्हा त्याच आशेला दुभाषी व्हावं लागतं. तपासणीच मोडली! याउलट छत्तीसगडमध्ये 2002 पासून चाललेल्या मितानिन (तिथल्या गावआरोग्य सेविका) कार्यक्रमात वरच्या पायरीवरच्या बायका मितानिनांमधूनच घेण्यावर भर राहिला. आपल्याकडे जामखेडचा दाखला तर आणखी जुना. 1970 पासून आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने तिथे ज्या गावआरोग्य सेविका घडवल्या त्यांतल्या कितीतरी निरक्षर आणि तथाकथित खालच्या जातींतल्या होत्या, आणि पुढे बाहेरून शिकायला येणाऱ्यांना त्याच शिकवू लागल्या. तिथलं गुपित थोडं-थोडं, वारंवार शिकवण्यात होतं. आपल्या आशांना पाच दिवसांचं शिबिर आणि मग कित्येक महिन्यांची सामसूम मिळते.

शिबिराची व्यवस्थाही निवडच करते. निवासी पाच दिवस, पाळणाघर नाही, म्हणजे अंगावर पिणारं बाळ असलेली बाई पहिल्या फेरीतच गळते. पेरणी, सोंगणी किंवा लग्नसराईत तारखा लावल्या की गरीब घरातली बाई आधी बुडवते, कारण तिची मजुरी बुडते. हजेरीपटावर ती ‘अनुत्साही’ ठरते. शिबिराच्या तारखा आशांच्या गटसभेत ठरवाव्यात आणि बाळं सांभाळायला एक बाई ठेवावी. खर्च किरकोळ.

मोबाइल अ‍ॅपबद्दल थोडक्यात: नोंदी दोनदा, कागदावर आणि फोनवर, हे जोवर चालू आहे तोवर तरुण, स्मार्टफोन सराईत आशा हुशार दिसणार आणि जुनी, अनुभवी मागे पडणार.

जे प्रशिक्षणात अजिबात नाही आणि असायला हवं ते म्हणजे वर बोलणं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत गटप्रवर्तक आकडे वाचून दाखवते आणि बसते. विषयपत्रिका तिच्याकडून येत नाही. यासाठी एक सराव पुरे. वैद्यकीय अधिकाऱ्याकडून एक गोष्ट मिळवायची आहे, समजा वीटभट्टीवर लसीकरण सत्र. तीन आकडे हातात हवेत: दोन वर्षांखालची मुलं किती, उपकेंद्रापासून अंतर किती, आणि माणसं कुठल्या दिवशी सापडतात. तिसरा आकडा गटप्रवर्तकशिवाय कुणाकडे नसतो. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते ती बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी काम बंद असतं आणि आया मोकळ्या. सत्र त्या दिवसाच्या सकाळी, बाजाराला निघण्याआधी. मागणी दोन वाक्यांत मांडायची, सूक्ष्म कृती आराखड्यात (लसीकरण सत्रांच्या नियोजनात) तारखेसह नोंद होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, आणि सभेचं इतिवृत्त पुढच्या महिन्यात सोबत न्यायचं. हे तीन वेळा वर्गात करून घेतलं तर मॉड्युल 5 चा अख्खा धडा आपोआप होतो.

गुण द्यायचे झाले तर कसब पाचपैकी साडेचार, पर्यवेक्षण अडीच, सर्वसमावेशकता एक. जिल्हा आणि तालुका पातळीवर आशांचं काम बघणाऱ्या समूह संघटकांनी नवी तुकडी घेण्याआधी दोन गोष्टी बदलाव्यात: गटप्रवर्तक निवडताना स्थानिक बोली येणाऱ्या, पाच वर्षं काम केलेल्या आशेला पदवीइतकेच गुण, आणि पहिल्याच दिवशी कार्डशीटचा नकाशा. तालुक्याच्या गावी दहा-पंधरा रुपयांना मिळते ती.