पुन्हा सुरुवात करणाऱ्यांनाच ते गाठतात

वजन कमी करून देतो म्हणणाऱ्या एका संस्थेने माझ्याकडून मोठी रक्कम उकळली, माझ्या नावावर कर्ज चढवलं आणि न विचारता माझा फोटो जाहिरातीत वापरला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे, आणि वेगवेगळ्या नावांनी हाच धंदा करणारे आणखी बरेच आहेत. पण त्यांची पद्धत जशीच्या तशी सांगते. तुम्ही एकदा वजन उतरवलं असेल, ते परत चढलं असेल आणि आता नव्याने सुरुवात करायचा विचार असेल, तर कृपया वाचा. त्यांना गिऱ्हाईक म्हणून तुम्हीच हवे असता.

माझं वजन आधी एकदा छान उतरलं होतं. चालणं, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, यापलीकडे त्यात काही नव्हतं. मग गुडघा दुखावला, पाठोपाठ घरात मोठं आजारपण आलं आणि बघता बघता वजन होतं तिथे परत आलं, वर थोडं जास्तच. घरातलं सगळं मार्गी लागल्यावर मी फोनवर शोधाशोध सुरू केली, तशा जाहिराती मागे लागल्या. एकीत लिहिलं होतं, ‘वजन परत वाढलं? दोष तुमचा नाही.’ असं मला तोवर कोणीच म्हटलं नव्हतं. खाली मोफत सल्ल्यासाठी नंबर होता.

फोनवरची मुलगी फार गोड बोलली. बीपी आहे का, थायरॉइड आहे का, कुठली औषधं चालू आहेत, यातलं तिने काही विचारलं नाही. विचारलं ते असं: आधी किती कमी केलं होतं, परत वाढायला लागल्यावर कसं वाटलं, घरचे काय म्हणतात, कुठे जायचं टाळता का. मी मनापासून सांगत गेले आणि ती लिहून घेत गेली. पुढे केंद्रात पैसे भरायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, घरी विचारून सांगते. समोरच्या बाईंनी कागद पुढे ओढला आणि माझंच बोलणं मला वाचून दाखवलं. ‘मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, फोटो काढायला सगळे जमले की तुम्ही मागे जाऊन उभ्या राहता? आणखी किती वर्षं मागे उभं राहायचं?’ हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. मोफत सल्ल्याचा फोन कशासाठी असतो ते तेव्हा कळलं.

त्याआधी मला एका यंत्रावर अनवाणी उभं केलं होतं. लगेच कागद छापून आला. त्यावर चरबीचे टक्के, आणि खाली लाल चौकटीत ‘शरीराचं वय’, माझ्या खऱ्या वयापेक्षा कितीतरी जास्त. तो आकडा बघून पोटात गोळा आला. हे यंत्र तळपायांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबीचा अंदाज बांधतं. तुम्ही किती पाणी प्यायलाय, जेवून आलाय की उपाशी आहात, नुकताच व्यायाम केलाय का, यावर आकडा बदलतो. शरीराचं वय हे तर कुठलं वैद्यकीय निदानच नाही, ते ज्याच्या त्याच्या सूत्राने काढलं जातं. पण लाल चौकटीपुढे हे सुचत नाही. हात आपोआप सहीसाठी पुढे जातो.

पहिल्याच आठवड्यात वजन झपाट्याने उतरलं. टाळ्या वाजल्या, माझा फोटो काढला, तो त्यांच्या ग्रुपवर गेला. हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळा विश्वास इथेच बसतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, मोठ्या माणसात साधारण 400 ते 500 ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. जेवण एकदम तोडलं, त्यातही पिष्टमय पदार्थ बंद केले, की हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. चरबी इतक्या लवकर जात नाही. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. आठवड्यात 3 किलो चरबी घालवायची तर 23,000 कॅलरींची तूट लागेल. दिवसाला 2,000 ते 2,500 कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाचा आठवड्याचा सगळा खर्चच 14,000 ते 17,500 असतो. म्हणजे आठवडाभर अन्नाचा कणही घेतला नाही तरी हिशोब जुळत नाही. ‘7 दिवसांत 3 किलो चरबी’ असं कोणी सांगत असेल, तर तिथून सरळ उठून या.

पुढे अर्थातच काटा थांबला. तेव्हा सांगण्यात आलं, ‘तुमचं मेटाबॉलिझम झोपलंय, ते जागं करावं लागेल.’ त्यासाठी आधी डिटॉक्सचा संच, मग पावडर, मग कॅप्सूल, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. पावडरच्या डब्यावर वनस्पतींची लांबलचक यादी होती, पण कशाचं प्रमाण किती, ते कुठेच नव्हतं. कॅप्सूलच्या बाटलीवर तर नुसतंच ‘संपूर्ण नैसर्गिक’.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की त्यांच्या बोलण्यात थोडं खरंही असतं. वजन उतरल्यावर शरीर खरोखरच ते परत मिळवायला बघतं. 2011 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, वजन कमी केलेल्या लोकांमध्ये भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नव्हती. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या 14 जणांची 6 वर्षांनी तपासणी झाली. त्याचा अहवाल 2016 साली आला. त्यांचं शरीर विश्रांतीत रोज सरासरी 500 कॅलरी अपेक्षेपेक्षा कमी खर्च करत होतं. वजन परत वाढणं हा आळस नव्हे, त्यामागे असं शरीर असतं. पण डिटॉक्सने किंवा पावडरीने यातलं काहीही उलट फिरत नाही. आजाराचं वर्णन खरं आणि औषध खोटं, अशी ही विक्री आहे.

कॅप्सूल सुरू केल्यावर भूक खरंच मेली. आणि छाती धडधडायला लागली. तोंड सारखं कोरडं पडायचं, रात्र रात्र झोप यायची नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, बंद करू नका.’ एका रात्री धडधड थांबेना म्हणून डॉक्टरकडे गेले. त्यांनी बाटली पाहून पहिलं वाक्य उच्चारलं, ‘हे आजपासून बंद.’ मग समजावून सांगितलं. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढवतं म्हणून 2010 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारातून काढून घेतलं गेलं. तरी त्यानंतरही अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी उत्पादनांत ते लपवलेलं सापडलं आहे. माझ्या बाटलीत काय होतं याची तपासणी झालेली नाही, म्हणून तेच होतं असं मी म्हणणार नाही. बंद केल्यावर काही दिवसांत धडधड गेली, एवढं मात्र खरं.

पैसे परत मागितले तेव्हा कराराचं मागचं पान दाखवलं. रोज ठरलेल्या वेळेत काट्याचा फोटो त्यांच्या ॲपवर टाकायचा, एक दिवस जरी चुकला तरी पैसे परत देण्याची हमी रद्द. ही अट सही करताना कोणी बोललं नव्हतं. आणि ‘सोपे हप्ते’ म्हणून जे सांगितलं होतं, ते एका वित्त कंपनीकडून माझ्या नावाने घेतलेलं कर्ज निघालं. संस्थेला सगळी रक्कम पहिल्याच दिवशी मिळालेली. मी जाणं सोडलं तरी खात्यातून हप्ता कापला जातच होता. पहिल्या आठवड्यात नुसतं पाणी उतरल्यावर काढलेला माझा तो फोटो अजून जाहिरातीत फिरत होता, खाली कोणातरी दुसऱ्याच नावाने लिहिलेलं कौतुक. वारंवार तक्रार केल्यावर तो काढला गेला.

आता मी नियमित तपासण्या करून, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने परत सुरुवात केली आहे. उतरण्याचा वेग कमी आहे. मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी रक्तदाब आणि साखर सुधारते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. संस्थेत हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण एवढ्यावर समाधान मानणाऱ्याला पुढचा संच विकता येत नाही.

हल्ली त्याच धाटणीच्या जाहिराती स्वस्तातल्या वजनाच्या इंजेक्शनांच्या येतायत. अशा इंजेक्शनांत सेमाग्लुटाइड नावाचं औषध असतं, त्याच्या बनावट मालाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिलेला आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कुरिअरने, ओळखीतून असलं काही घेऊ नका.

आणि कोणी आत्ता अशा ठिकाणी अडकलं असेल तर त्यांनी दिलेल्या गोळ्या बंद करून आधी डॉक्टरला दाखवा, पण बाटली आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका, तपासणीला त्याच लागतात. ॲपवरचे सगळे मेसेज, पावत्या, कराराची दोन्ही बाजूंची पानं यांचे फोटो काढून ठेवा, आणि ते ॲपमधून बाहेर पडायच्या आधी काढा. मी बाहेर पडल्यावर दुसऱ्या दिवशी माझं खातं बंद केलेलं होतं आणि आतलं सगळं संभाषण गेलेलं. कर्ज असेल तर संस्थेशी वाद घालत बसण्याआधी वित्त कंपनीला आणि बँकेला लेखी कळवा, आणि पोच घ्या.