प्लेग की देवी? साथीतल्या दोन न्वारपटांपैकी एक निवडताना

एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि साथीनं घेरलेल्या शहरातली गुन्हेगारी गोष्ट बघायची आहे, असं कुणी म्हटलं की मी दोन नावं पुढे करतो. दोन्ही चित्रपट १९५०चे, दोन्ही कृष्णधवल, आणि दोन्ही न्वार, म्हणजे गुन्हेगारीच्या काळोख्या, निराश जगातले. एलिया कझानचा ‘पॅनिक इन द स्ट्रीट्स’ न्यू ऑर्लिन्समध्ये घडतो, त्यात फुफ्फुसाचा प्लेग आहे. अर्ल मॅकएव्हॉयच्या ‘द किलर दॅट स्टॉक्ड न्यू यॉर्क’मध्ये देवीची साथ. बहुतेक जाणकार डोळे मिटून पहिला सुचवतात. मी जरा थांबतो.

आधी कझान. पत्त्यांच्या डावातून तापानं फणफणलेला एक जण उठून जातो, आणि जिंकलेले पैसे घेऊन चालला म्हणून गुंड त्याला गोळ्या घालतात. शवविच्छेदनात कळतं की त्याला प्लेग होता. म्हणजे खुनी कोण हे आपल्याला ठाऊक, पोलिसांना नाही. आणि आपण काय अंगावर घेऊन फिरतोय याचा खुन्याला पत्ता नाही. आरोग्य खात्यातला डॉक्टर (रिचर्ड विडमार्क) आणि पोलीस कॅप्टन (पॉल डग्लस) यांच्या हातात ४८ तास. ही मुदत उगाच ठोकून दिलेली नाही. हा प्लेग दोन-चार दिवसांतच डोकं वर काढतो, खोकल्यातून पसरतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस जवळजवळ हमखास जातो.

पण खरी गंमत आहे ती गुंडाच्या चुकलेल्या हिशेबात. एका उपऱ्याच्या खुनासाठी पोलीस एवढे धावताहेत म्हटल्यावर गुंडांच्या म्होरक्याची, ब्लॅकीची, खात्रीच पटते, की मेलेल्यानं काहीतरी किमती माल चोरून आणला असणार. मग तो माल हुडकायला तो मयताच्या आजारी नातेवाइकाच्या अगदी उशाशी जाऊन बसतो! ब्लॅकी झालेल्या जॅक पॅलन्सचा हा पहिलाच चित्रपट. शेवटाकडे तो जहाजाच्या दोरखंडावरून वर चढू पाहतो आणि उंदरांना अडवायला बसवलेल्या तबकडीपाशी अडकतो. (रहस्य फोडलं, माफ करा. पण माहीत असूनही ते दृश्य चालतं.) कथेला ऑस्कर मिळालं, ते योग्यच.

दुसरा चित्रपट बेतलाय १९४७ साली न्यू यॉर्कमध्ये खरोखर आलेल्या देवीच्या साथीवर. मेक्सिकोहून बसनं आलेल्या एका प्रवाशापासून ती सुरू झाली. १२ जणांना लागण, दोन मृत्यू, आणि महिन्याभरात ६० लाखांहून अधिक लोकांनी देवी टोचून घेतल्या. चित्रपटानं त्या प्रवाशाच्या जागी आणली शीला, क्यूबाहून हिरे चोरून आणणारी. ही भूमिका इव्हलिन कीजची. एका बाजूनं सरकारी माणसं हिऱ्यांसाठी तिच्या मागावर, दुसरीकडून आरोग्य खातं रोगाच्या उगमाच्या मागावर, आणि दोघं एकाच बाईला शोधताहेत हे बराच वेळ दोघांनाही कळत नाही. नवऱ्यानं तिला फसवलंय, तेही तिच्या सख्ख्या बहिणीबरोबर. अंगात ताप घेऊन ती सूड घ्यायला शहरभर फिरते. दवाखान्यात भेटलेल्या लहान मुलीशी ती प्रेमानं वागते, आणि लागण नेमकी त्या पोरीला होते.

दोष ढीगभर आहेत. निवेदकाचा घनगंभीर आवाज माहितीपटासारखा मध्ये मध्ये कडमडतो, डॉक्टर पुठ्ठ्याचा, आणि लसीकरणाचे प्रसंग तर निव्वळ सरकारी जाहिरात.

तरीही न्वार म्हणून मला हाच जवळचा. कझानच्या डॉक्टरला रात्री परतायला घर आहे. थकलेल्या बिलांवरून कुरकुर असली तरी बायको आहे, मुलगा आहे. त्याच्या बाजूनं पाहताना शहर वाचणार याची मनोमन खात्री असते. तो उत्तम तपासपट झाला. शीलाला परतायला काहीच नाही, आणि तिच्या मागून चालताना आपण रोगाच्याच बाजूनं शहर पाहू लागतो: कठडा, पाण्याचा पेला, दाराची मूठ.

तेव्हा बांधीव पटकथा, बंदरातलं खरंखुरं चित्रण आणि तोलामोलाचा अभिनय हवा असेल तर बेधडक कझान. घरच्यांबरोबर बसणार असाल तरी तोच. एकट्यानं बघणार असाल आणि थोडा ओबडधोबडपणा चालत असेल, तर शीला. दीड तासही लागत नाही. दोन्ही एकाच रात्री लावायचे ठरले तर मात्र आधी न्यू यॉर्क. उलट केलंत तर कझानच्या कॅमेऱ्यानंतर दुसरा फारच गरीब दिसतो आणि कीजवर अन्याय होतो.