कंपनीसाठीचा टीम-प्रकल्प की एकट्याचा प्रबंध: शेवटच्या वर्षी काय घ्यावं?

फॉर्म भरायचा आठवडा आला की विज्ञान शाखेची शेवटच्या वर्षाची मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. चौघापाचांची टीम करून एखाद्या कंपनीची अडचण सोडवायची, की एका गाईडच्या हाताखाली एकट्याने प्रबंध करायचा? मी दोन्हींना मार्गदर्शन केलं आहे. गुण किती, तास किती याआधी बघायला हवं ते हे की तुमच्या हातात पडणारा प्रश्न कितपत तयार आहे.

प्रबंधाचा प्रश्न गाईडने बराचसा घासूनपुसून ठेवलेला असतो. आधीचे पेपर माहीत असतात, उपकरण ठरलेलं असतं, काय मोजायचं तेही साधारण ठरलेलं असतं. कंपनी मात्र जे सांगते ते दुखणं असतं. त्या दुखण्यातून मोजता येईल असा प्रश्न काढणं हे टीमचं पहिलं काम, आणि सगळ्यात अवघडही तेच.

एक उदाहरण सांगते. पाण्यात विरघळणारी भुकटी बनवणारा एक कारखाना होता. गोण्यांत गुठळ्या होतात अशी त्यांची तक्रार होती, आणि कारणही त्यांनीच सांगून टाकलं होतं: कणांचा आकार बिघडलाय, तेवढा तपासून द्या. टीमने तीन आठवडे इमाने इतबारे कणांचा आकार मोजला. चांगल्या आणि खराब गोण्यांत फरक सापडेना. मग त्यांच्यातल्या एकीने खराब गोणी उभी चिरली. गुठळ्या सगळ्या कडेला होत्या, मधली भुकटी मोकळी होती. तिने गोण्या भरणाऱ्या कामगारांना विचारलं, "भरताना माल गरम असतो का?" असतो, ड्रायरमधून आला की लगेच भरून शिवतो, ते म्हणाले. तिथेच उलगडा झाला. आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या बंद गोणीत गरम भुकटीतली ओल थंड कडेकडे सरकते. तिथे कणांचा पृष्ठभाग किंचित विरघळतो आणि पुन्हा सुकताना कण एकमेकांना जखडतात. माल थंड करून मगच भरा, एवढीच शिफारस निघाली. ती गोणी चिरायचं कुठल्याही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

प्रबंधात वेगळी गोष्ट मिळते, आणि ती कमी मोलाची नाही: चुकायला मिळणारी सवड. माझ्या एका विद्यार्थ्याची स्पेक्ट्रोफोटोमीटरवरची (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावरची) रीडिंग रोज सकाळी सरकायची. यंत्रातल्या दिव्याला स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो हे त्याला माहीत नव्हतं. यंत्र चालू केलं की तो लगेच मोजायला बसायचा. दोन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. त्याने सगळं पुन्हा मोजलं, आणि व्हायवाला आपल्या प्रत्येक आकड्यामागची अनिश्चितता तो न अडखळता सांगू शकला. टीम-प्रकल्पात दर पंधरा दिवसांनी क्लायंटसमोर उभं राहायचं असतं. तिथे दोन महिने मागे जाणं परवडलं नसतं.

आता टीमची बाजू, कारण तक्रारी तिथूनच येतात. चौघांत एकजण काम टाळतो आणि गुण सगळ्यांना सारखे पडतात, हे खरंच घडतं. म्हणून गुणांची विभागणी कशी होते ते आधी विचारा. टीममधल्यांनी एकमेकांच्या कामाचं गुप्त मूल्यमापन करायचं आणि त्यावरून वैयक्तिक गुण कमीजास्त व्हायचे, अशी पद्धत असेल तर बरंच निभावतं. सगळ्यांना एकच आकडा मिळणार असेल आणि टीम विभागाने पाडलेली असेल, तर मी जरा थांबून विचार करायला सांगेन.

गोपनीयतेचा मुद्दा मुलं वाचतच नाहीत, आणि मला काळजी वाटते ती तिथेच. कंपनी करारावर सही घेते. कित्येकदा प्रकल्पातून निघालेल्या बौद्धिक संपदेवर तिचाच हक्क असतो. पेटंटचा विचार असेल तर अर्जाआधी पोस्टरही लावता येत नाही, कारण युरोपसारख्या ठिकाणी आधी जाहीर झालेली गोष्ट नवी मानली जात नाही. पुढे पीएचडीला अर्ज करताना "काय केलंस?" या प्रश्नाला उत्तर द्यायची मोकळीक हवी. निदान पद्धत आणि स्वतःची भूमिका सांगता येईल, असं लेखी घ्या.

कंपनीसाठीच्या टीम-प्रकल्पाचा हा प्रकार काही नवा नाही. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने 'क्लिनिक' या नावाने १९६३ साली तो सुरू केला, आधी अभियांत्रिकीत. पुढे गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्रातही आला. चार-पाच विद्यार्थी, एक प्राध्यापक, कंपनीचा एक संपर्क माणूस आणि पूर्ण शैक्षणिक वर्ष, असा त्याचा साचा. यातला संपर्क माणूस सगळ्यात महत्त्वाचा. तो आठवड्याला तासभर देणार नसेल, किंवा आकडेवारी "लवकरच पाठवतो" असं म्हणत असेल, तर कंपनी कितीही मोठी असो, तो प्रकल्प घेऊ नका. मागच्या वर्षीच्या टीमला भेटून पहिली आकडेवारी कितव्या आठवड्यात हातात पडली, एवढं विचारलंत तरी पुष्कळ कळतं.

पीएचडीचं नक्की असेल तर माझं मत सरळ प्रबंधाकडे आहे. शिफारसपत्र लिहिणाऱ्याने तुम्हाला एकट्याने काम करताना पाहिलेलं असतं. नोकरी करायची असेल, किंवा काय करायचं तेच ठरलेलं नसेल, तर टीम-प्रकल्प घ्या. लाजाळू मुलांनी तर जरूर घ्यावा. वरची गोणी चिरणारी मुलगी पहिल्या दोन मीटिंगांत एक शब्द बोलली नव्हती.

प्रबंध निवडूनही कंपनीच्या कामाची चव घ्यायची असेल तर छोटे मार्ग आहेत. गणिताकडे कल असणाऱ्यांसाठी लॉस एंजेलिसच्या आयपॅम या गणित संस्थेचा 'रिप्स' हा उन्हाळी कार्यक्रम नऊ आठवड्यांचा असतो, टीम चौघांची. त्याहून छोटे म्हणजे उद्योगांसोबतचे स्टडी ग्रुप. ॲलन टेलर आणि जॉन ऑकेंडन यांनी १९६८ साली ऑक्सफर्डमध्ये ते सुरू केले, आज बऱ्याच देशांत भरतात. सोमवारी कंपन्या अडचण मांडतात, आठवडाभर फळ्यासमोर झटापट चालते आणि शुक्रवारी हाती लागलेलं सांगायचं. प्रबंधातून एक आठवडा काढायला गाईड सहसा नाही म्हणत नाहीत.