रक्तपेढीची रात्रपाळी: माझ्या भाचीच्या निमित्ताने आलेला अनुभव

गेल्या आषाढात रात्री पावणेदोनला मी या रक्तपेढीची बेल वाजवली. हातात फॉर्म आणि रक्ताची छोटी नळी. भाची अकरा महिन्यांची, हिमोग्लोबिन ४.१. आधीचे आठ दिवस साधी कावीळ समजण्यात गेले, शेजारच्या काकूंनी काविळीची माळसुद्धा घातली. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तेव्हा ताई तिला उचलून थेट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली.

आधीच्या रक्तपेढीने "जुळत नाही" म्हणून नळी परत दिली होती. इथल्या मॅडमनी मला बसवून विचारलं, बाळाला पूर्वी कधी रक्त चढवलंय का, औषधं कोणती चालू आहेत. मग जेल कार्ड, म्हणजे रक्त जुळतं का ते तपासायचं खान्याखान्यांचं कार्ड, उजेडाला धरून दाखवलं. रक्त जुळलं तर लाल पेशी तळाशी बसतात. आमच्या प्रत्येक खान्यात लाल रेघ वरच अडकलेली. "बाळाचं शरीर स्वतःच्याच लाल पेशी फोडतंय, कुणाचंच रक्त पूर्ण जुळणार नाही. त्यातल्या त्यात कमी विरोध करणारी पिशवी देऊ. डॉक्टरांशी मीच बोलते." आणि खरोखर बोलल्या. जे आहे ते तोंडावर सांगितलं, म्हणूनच मला धीर आला.

पावणेचारला लहान पिशवी बर्फाच्या डब्यात घालून दिली. बदली रक्तदाता आणा, असं एकदाही म्हणाले नाहीत.

पुढे लिव्हरची बायोप्सी झाली. यकृताच्या पेशी फुगून एकेकीत कितीतरी केंद्रकं दिसली: जायंट सेल हिपॅटायटिस, सोबत कूम्ब्ज पॉझिटिव्ह हिमोलिटिक अ‍ॅनिमिया, म्हणजे शरीराने स्वतःच्याच लाल पेशी फोडल्याने होणारा रक्तक्षय. फार दुर्मिळ, बहुतेक सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत. नवं यकृत बसवलं तरी त्यातही हा आजार परत येऊ शकतो, म्हणून सगळी भिस्त औषधांवर. स्टेरॉइड कमी केलं की हिमोग्लोबिन घसरायचं, शेवटी रितुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागलं. तोवर आणखी तीनदा इथे आलो. दर वेळी जुनी नोंद काढूनच काम सुरू केलं.

दोन तक्रारी आहेत. रात्री फक्त रोख घेतात, आणि पाटीवर दिवा नाही, मी दोनदा पुढे निघून गेलो. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्ताचं शुल्क माफ असतं, तसं या मुलांनाही असायला हवं, पण त्यात या लोकांचा दोष नाही.

रात्री येणार असाल तर वॉर्डातूनच दोन नळ्या भरून घ्या, एक जांभळ्या झाकणाची, एक लाल. एकच आणल्यामुळे मला पुन्हा पळावं लागलं होतं.