माँपेलिए, मोनाको की लील? लीग १चा एकच मोसम बघायचा असेल तर

इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग बघणाऱ्या मित्रांकडून फ्रान्सच्या लीग १बद्दल, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीबद्दल, ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "तिथे काय, पीएसजीच (पॅरिस सेंट-जर्मेन) जिंकते." आकडे बघितले तर ते खोडणं अवघड आहे. २०१३ ते २०२५ या तेरा मोसमांत पीएसजीने अकरा विजेतेपदं घेतली. हातातून सुटली ती दोनच, २०१७चं (मोनाकोकडे) आणि २०२१चं (लीलकडे). त्याआधी, पीएसजीत कतारी मालकांचा पैसा आल्यावरच्या पहिल्याच मोसमात, २०१२चंही असंच माँपेलिएकडे गेलं होतं. जुने सामने काढून एखादा मोसम नीट बघायचं मनात असेल, तर या तिन्हींतूनच निवडा.

मनाला सर्वात जवळचा २०११-१२. माँपेलिए हा क्लब २००९मध्ये वरच्या श्रेणीत परतलेला आणि आदल्या मोसमात चौदावा आलेला. पीएसजीने त्या उन्हाळ्यात एकट्या पास्तोरेसाठी सुमारे ४ कोटी २० लाख युरो मोजले आणि हिवाळ्यात आन्चेलोत्तींना प्रशिक्षक म्हणून आणलं. माँपेलिएकडे होती घरात वाढलेली पोरं. बेलांदा, काबेला, स्ताम्बुली ही मंडळी २००९मध्ये क्लबच्या युवा संघाकडून गाम्बार्देला चषक जिंकलेली. आघाडीला जिरू, दुसऱ्या श्रेणीतल्या तूर क्लबकडून आलेला. त्याने २१ गोल केले. मालक लुई निकोलां यांचा कचरा उचलण्याचा धंदा, आणि क्लबवर जीव पोटच्या पोरासारखा.

शेवटची रात्र मात्र बघाच. २० मे २०१२, ऑक्सेरचं मैदान. यजमान आधीच खालच्या श्रेणीत घसरलेले, त्यांचे प्रेक्षक संतापलेले. मैदानावर टेनिसचे चेंडू आणि टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या येऊन पडतात, सामना थांबतो, खेळाडू आत जातात, परत येतात. तिकडे लोरियाँमध्ये पीएसजी जिंकून मोकळी झालेली असते आणि इकडे घड्याळ अजून चालूच. उताकाने दोन गोल केले, माँपेलिए २-१ जिंकलं. ८२ गुण विरुद्ध पीएसजीचे ७९. क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद.

पण खेळ म्हणून पाहिलं तर प्रशिक्षक रेने जिरार यांचा हा माँपेलिए संघ २०१६-१७च्या मोनाकोशी बरोबरी करू शकत नाही. मोनाकोने ३८ सामन्यांत १०७ गोल ठोकले. प्रशिक्षक लेओनार्दो जार्दिम यांची मांडणी साधी ४-४-२ (चार मागे, चार मधे, दोन पुढे), पण मेंदी आणि सिदिबे हे दोन्ही बाजूंचे बचावपटू इतके वर चढायचे की समोरच्या संघाला कुणाला धरावं तेच कळायचं नाही. मधे फाबिन्यो आणि बाकायोको, कडांवर बर्नार्दो सिल्वा आणि लेमार, पुढे फाल्काओ. आणि डिसेंबरात अठरा पूर्ण केलेला एम्बापे. मोसमाच्या सुरुवातीला तो बहुतेक बाकावर होता. फेब्रुवारीत मेट्झविरुद्ध त्याची हॅटट्रिक पाहा, मग पुढचं वेगळं सांगावं लागत नाही.

मोनाकोची अडचण दोन ठिकाणी. शेवटचे बाराच्या बारा सामने ते जिंकले, त्यामुळे शर्यत शेवटी शेवटी एकतर्फी झाली. ९५ विरुद्ध पीएसजीचे ८७ गुण, आणि निकाल एक सामना राखून लागला. दुसरं म्हणजे त्यांचं घरचं मैदान, लुई दुसरा स्टेडियम. गाव लहान, प्रेक्षक थोडे. इतका देखणा खेळ आणि त्याला दाद द्यायला रिकाम्या खुर्च्या, याची मला खरंच हळहळ वाटते.

रिकाम्या खुर्च्यांचा विषय निघालाच आहे तर २०२०-२१. कोविडमुळे मोसमाचा बहुतेक भाग प्रेक्षकांविना झाला. त्यात टीव्ही हक्क घेतलेल्या मीडियाप्रोचा करार डिसेंबरात मोडला आणि क्लबांचे खजिने आटले. लीलचे मालकही त्याच डिसेंबरात बदलले. असल्या वर्षात लीलचे प्रशिक्षक ख्रिस्तोफ गाल्तिए यांनी संघ उभा केला तो बचावावर. ३८ सामन्यांत फक्त २३ गोल खाल्ले, गोलरक्षक मेन्यांने २१ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. आघाडीला पस्तिशीचा बुराक यिल्माझ, १६ गोल. या संघाची बरीच जुळवाजुळव खेळाडू हेरणाऱ्या लुईस काम्पोस यांची, आणि मोनाकोच्या त्या संघाचा पायाही त्यांनीच घातलेला. हे दोन मोसम जोडून बघितले तर खेळाडू पारखणं म्हणजे काय असतं ते कळतं.

तरीही निवड एकाचीच करायची तर मी लील सांगेन. बचावाचा संघ रटाळ असतो असं ज्यांना वाटतं त्यांना तर हमखास. तिन्हींत खरी चुरस इथेच आहे, अखेरीस लील ८३ गुण, पीएसजी ८२. एकेका गुणासाठी संघ कसा चिवटपणे उभा राहतो ते मोनाकोच्या गोलांच्या पावसात दिसत नाही. माँपेलिएमध्ये दिसतं, पण आवाज नसलेल्या मैदानावर ते जास्त उघडं पडतं. बचावपटू एकमेकांना ओरडून जागा सांगतात ते स्पष्ट ऐकू येतं.

सगळे ३८ सामने बघायची गरज नाही. ३ एप्रिल २०२१पासून सुरू करा: पॅरिसमध्ये पीएसजीविरुद्ध लीलच्या डेव्हिडचा एकमेव गोल, पीएसजीच्या नेमारला लाल कार्ड. मग २५ एप्रिलचा ल्योंविरुद्धचा सामना. लील ०-२ मागे. मध्यंतराच्या तोंडावर यिल्माझची फ्री किक थेट जाळ्यात, उत्तरार्धात डेव्हिडची बरोबरी, आणि ८५व्या मिनिटाला पुन्हा यिल्माझ. ३-२. हा सामना तुकड्यांत बघू नका, नव्वद मिनिटं बसा. त्यानंतर शेजारच्या लाँसविरुद्धची डर्बी ३-०, सेंट-एतिएनशी जीव टांगणीला लावणारी ०-० बरोबरी आणि २३ मे रोजी ऑन्जेरमध्ये २-१. मधले धरून एकूण आठ सामने, बारा तास. आपल्याकडे ही शेवटची लढत रात्री साडेबाराला सुरू झाली होती. तुम्हाला आता ती रविवारच्या दुपारी जेवण झाल्यावरही बघता येईल.