अकरा हजारांचं मस्टर की सोळा हजारांचा ठेका?

माझ्या भाच्याला गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन कामं चालून आली. पहिलं रबाळे एमआयडीसीत, ठेकेदारामार्फत पॅकिंगचं: बारा तास ड्युटी, सोळा हजार हातात. दुसरं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये, थेट मालकाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर: आठ तास, सगळं कापून अकरा हजारांच्या आसपास. तिसरं मित्राने सुचवलेलं, स्वतःच्या बाइकवर डिलिव्हरी. तो मला म्हणाला, “मामा, सोळावाला सोडून अकराला कोण जाईल?”

वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं मी करतो, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी कानावर येतोच. ज्यांच्यापुढे असेच दोन-तीन पर्याय आहेत, त्यांच्यासाठी तो हिशेब इथे सविस्तर मांडतोय.

हिशेबापुरतं किमान वेतन महिन्याला १३,००० धरू. खरा आकडा तुमचा उद्योग कोणता, तुम्ही कुशल, अर्धकुशल की अकुशल आणि परिमंडळ कोणतं, म्हणजे कामाची जागा कोणत्या भागात येते, यावर ठरतो. त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे भत्ता दर जानेवारी-जुलैत बदलतो. १३,००० भागिले २६ दिवस म्हणजे रोजचे ५००. आठ तासांनी भागले की तासाला साडेबासष्ट रुपये. जादा कामाचा दर कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला १२५.

आता रबाळ्याचं काम बघा. बारा तासांतले आठ नेहमीचे, चार जादा. चार तासांचे रोज ५००, महिन्याचे १३,०००. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीला कायद्याप्रमाणे २६,००० बसतात, आणि ठेकेदार देतोय १६,०००. तासाला ५१ रुपये पडले. हा दर किमान वेतनाच्याही खाली आहे, फक्त एकरकमी आकडा मोठा दिसतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी हे कागदावर मांडलं तेव्हा भाचा बराच वेळ त्या २६,००० कडेच बघत होता.

वागळेच्या वर्कशॉपमध्ये १३,००० मधून पीएफचे १,५६०, ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचे) ९८ आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० जातात. हातात ११,१४२. पण पीएफमध्ये मालकही तेवढेच १,५६० घालतो. ते धरले तर १४,५६०, आणि महिन्याच्या २०८ तासांनी भागले की तासाला बरोबर ७० रुपये. ईएसआयमध्ये मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की त्या कार्डाची किंमत कळते. वर्षाचा बोनस किमान ८.३३ टक्के, तो यात धरलेलाच नाही.

डिलिव्हरीचं गणित मला जास्त अवघड वाटतं, कारण तिथे रोजचा आकडा वेगळा. समजा अकरा तास फिरून ९०० मिळाले. पेट्रोलचे २०० आणि टायर-सर्व्हिसिंगचे ८० बाजूला काढले तर ६२० उरतात, तासाला ५६. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये किंवा पावसाळ्यात हा आकडा आणखी खाली येतो, सणासुदीला वर जातो. बाइक हप्त्यावर असेल तर पुन्हा वजा करा. आणि मुख्य म्हणजे या कामाला किमान वेतन लागूच होत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगारांची, म्हणजे ॲपवर मिळेल तसं काम करणाऱ्यांची, व्याख्या आली, ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षेच्या निधीला द्यावेत असंही आलं, पण रोजच्या कमाईला तळ नाही. तरीही संध्याकाळच्या कॉलेजला जाणाऱ्या किंवा घरी आजारी माणूस असलेल्या मुलाला मी हे काम करू नको असं सांगणार नाही. वेळ स्वतःच्या हातात असणं हीसुद्धा कमाईच आहे.

ठेकेदाराचं काम म्हणजे वाईटच, असंही माझं म्हणणं नाही. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांत ठेक्यावर चोख पगार घेणारी माणसं मी ओळखतो. पण एक प्रकार स्वतः पाहिलाय. एका ठिकाणी पगारपत्रकावर पूर्ण किमान वेतन, बँकेत तेवढेच पैसे जमा, सगळं नियमात. फक्त कामगारांची एटीएम कार्डं मुकादमाकडे होती. सात तारखेला तो पैसे काढायचा आणि ठरलेली रक्कम वाटून बाकीची ठेवायचा. एका बाईने शिवणाच्या डब्यात दोन वर्षांच्या पगाराच्या स्लिपा जपून ठेवल्या होत्या, तिच्यामुळे ते उघड झालं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलंय. पण मागायला हातात कागद पाहिजे.

हल्ली टीव्हीवर राष्ट्रीय किमान वेतनाची चर्चा ऐकून लोक विचारतात, “आता आमचा पगार वाढणार का?” ठाण्यात तरी सरळ वाढ होईल असं धरू नका. १९४८ चा जुना किमान वेतन कायदा ठरावीक उद्योगांच्या यादीपुरता होता. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिने ती यादी काढून टाकली. केंद्र एक खालची मर्यादा ठरवणार आणि कोणत्याही राज्याला तिच्याखाली जाता येणार नाही. याआधी २०१७ पासून ही मर्यादा रोज १७६ रुपये होती, तीही सल्ल्यापुरती. २०१९ मध्ये केंद्राने नेमलेल्या सत्पथी समितीने ३७५ रुपये सुचवले होते. महाराष्ट्राचे दर त्याच्याही वर आहेत, आणि मर्यादा आली म्हणून राज्याला आपले दर उतरवता येत नाहीत.

फरक पडेल तो आडवळणाने. ज्या राज्यांत मजुरी फारच कमी, तिथली मुलं दिघ्यात, कळव्यात खोल्या करून मिळेल त्या भावात राबतात. ठेकेदार त्याच भरवशावर बोलतो. त्यांच्या गावाकडचा तळ वर आला तर इथल्या ठेकेदाराला इतकं स्वस्त माणूस मिळणार नाही. स्वस्त मजुरीसाठी कारखाना शेजारच्या राज्यात हलवण्याचा मोहही कमी होईल. म्हणून हा कायदा देशभर एक असावा असं मला मनापासून वाटतं.

मालकांची भीती मी रोज ऐकतो: वेतन वाढलं की दोन माणसं कमी करावी लागतील. छोट्या वर्कशॉपला ऑर्डरचा भाव वरची कंपनी ठरवून देते, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण वेतन वाढलं की काम जातंच, असं अनुभव सांगत नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये न्यू जर्सीने तासाचा दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर या अर्थतज्ज्ञांना तिथल्या फास्ट फूडच्या दुकानांत नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. जर्मनीने २०१५ मध्ये साडेआठ युरोंचा राष्ट्रीय दर आणला, तेव्हा बरीच माणसं छोट्या, कमी पगाराच्या जागा सोडून जास्त उत्पादक कंपन्यांत गेली. आपल्याकडे मला जास्त धोका वेगळा दिसतो: माणूस कमी होत नाही, मस्टरवरून उतरवून ठेक्यावर किंवा नगावर (जितके नग तितके पैसे) टाकला जातो. नगावर काम असलं तरी दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाऊ नये, हे मात्र लक्षात ठेवा.

मग निवडायचं काय? दोन-तीन वर्षं टिकायचं असेल, घरात खाणारी तोंडं असतील, काम शिकायचं असेल तर अकरा हजारांचं मस्टर. सहा महिन्यांत ठरावीक रक्कम उभी करायची असेल तर ठेक्याचा विचार करा, पण एटीएम कार्ड स्वतःजवळ आणि स्लिप हातात, या अटीवर. थकलेल्या पगाराचा दावा आता तीन वर्षांपर्यंत करता येतो, पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहाच महिने होते. हजेरीची रोजची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

भाच्याने रबाळ्याच्या सुपरवायझरला फोन लावून विचारलं, “स्लिप मिळेल का? ओव्हरटाइम त्यात वेगळा दिसेल का?” पलीकडून उत्तर आलं, “तुला काम पाहिजे की कागद?” सोमवारी सकाळी साडेआठला तो वागळेच्या बसमध्ये होता.