फोनो प्रीअँप्लिफायर घेताना सोलापुरात झालेली फसवणूक

घरातल्या जुन्या तबकड्या पुन्हा ऐकायला काढणाऱ्यांनी फोनो प्रीअँप्लिफायर विकत घेण्यापूर्वी ही हकिगत वाचावी, कारण ज्या पद्धतीने मला साडेअकरा हजार रुपयांना फसवण्यात आले ती पद्धत डोळ्यांदेखत घडत असूनही लक्षात येत नाही.

या यंत्राची कामे दोन. मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, येणारा संकेत साधारण ३ ते ६ मिलिव्होल्टचा असतो. तो सुमारे १०० पट, म्हणजे ४० डेसिबलने, वाढवावा लागतो. दुसरे काम अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्ज दाबलेला आणि वरच्या पट्टीतले स्वर चढवलेले असतात, कारण खर्ज पूर्ण जोराने कोरला तर खाच शेजारच्या खाचेत शिरेल. वाजवताना हे उलट करावे लागते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना) प्रमाणानुसार २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबलची वाढ आणि २०,००० हर्ट्झला तेवढीच घट अपेक्षित असते. हे जे यंत्र करत नाही, ते फोनो प्रीअँप्लिफायर नव्हे.

शहरातील एका विक्रेत्याने मला काळ्या पत्र्याच्या पेटीवर काचेचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असे तशी निर्वात नळी) बसवलेले एक यंत्र दाखवले. “मालक, बाहेरचा माल आहे, असला पीस पुण्यातसुद्धा मिळायचा नाही,” असे सांगत त्याने आपल्याच डेकवर, म्हणजे तबकडी वाजवण्याच्या यंत्रावर, ख्यालगायनाची तबकडी लावली आणि आवाज भरदार निघाला. घरी आणून माझ्या डेकला जोडल्यावर मात्र व्हॉल्यूम शेवटपर्यंत फिरवूनही गाणे टेलिफोनच्या रिसीव्हरमधून यावे तसे बारीक ऐकू येई. डग्ग्याचा घुमारा नाहीसा झालेला आणि प्रत्येक ‘स’ टोचणारा. विक्रेत्याने आधी माझी सुई झिजल्याचे सांगितले, नंतर घराच्या अर्थिंगकडे बोट दाखवले. अर्थिंगच्या दोषाने घरघर ऐकू येते, खर्ज गायब होत नाही, हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

सात रस्त्याजवळ रेडिओदुरुस्ती करणाऱ्या एका जुन्या कारागिरांनी पेटीचे स्क्रू काढले. व्हॉल्व्हच्या एकाही पिनेला तार जोडलेली नव्हती. सॉकेटच्या मधोमध खालून नारिंगी एलईडी बसवलेला होता आणि ‘तेज’ दिसत होते ते त्याचे. आवाज जात होता तो एका साध्या चिपमधून, तिच्यावरचा क्रमांक घासून टाकलेला. आरआयएए दुरुस्तीसाठी लागणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडणी कुठेच नव्हती, आणि पुढच्या बाजूला कार्ट्रिजचा प्रकार निवडण्यासाठी असलेल्या एमएम-एमसी (मूव्हिंग मॅग्नेट की मूव्हिंग कॉइल) बटणामागे तारच नव्हती.

मग दुकानात तो भरदार आवाज आला कुठून, याचा उलगडा ते कारागीर माझ्यासोबत आले तेव्हा झाला. विक्रेत्याने पुन्हा तेच प्रात्यक्षिक सुरू केले. कारागिरांनी “अण्णा, जरा थांबा,” म्हणत भिंतीला टेकवलेला डेक पुढे ओढला. मागे फोनो आणि लाइन अशी खूण असलेले छोटे बटण होते आणि ते लाइनवर होते. त्या डेकमध्ये प्रीअँप्लिफायर आतच बसवलेला असल्याने दोन्ही कामे तिथेच उरकत होती. पेटी तयार झालेला आवाज नुसता पुढे ढकलत होती.

म्हणून प्रात्यक्षिक आपल्याच डेकवर मागावे. ते शक्य नसेल तर विक्रेत्याच्या डेकची तार पेटी वगळून थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये, म्हणजे फोनोची दुरुस्ती न करणाऱ्या साध्या जोडणीत, लावायला सांगावी; तरीही गाणे जोरात वाजले, तर त्या डेकवरची परीक्षा निरर्थक समजावी. एमसीची सोय सांगितलेली असेल, तर आवाज अगदी कमी ठेवून ते बटण फिरवून पाहावे: एमसीसाठी साधारण ६० डेसिबलची वाढ लागते, त्यामुळे फरक स्पष्ट जाणवायलाच हवा. खऱ्या व्हॉल्व्हचे फिलामेंट तापायला काही सेकंद लागतात आणि थोड्या वेळात काच गरम होते. माझ्या पेटीतला प्रकाश बटण दाबताक्षणी लखकन येई आणि काच तासाभरानंतरही थंडच असे.

पैसे परत मागितल्यावर विकलेला माल परत घेत नाही, असे उत्तर मिळाले. कच्च्या पावतीवर फक्त ‘अँप, १ नग’ लिहिलेले आहे; यंत्राचे नाव, एमएम-एमसीचा उल्लेख आणि आरआयएए हा शब्द पावतीवर लिहून घेतलेला असता तर विक्रेत्याला पळवाट उरली नसती. यूपीआयची नोंद, उघडलेल्या पेटीची छायाचित्रे आणि कारागिरांचे लेखी म्हणणे जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही आधी नोंद करता येते. ज्यांच्याकडे अशीच काळी पेटी आली असेल त्यांनी ती फेकून किंवा आणखी कुणाला विकून टाकू नये; ती पुरावा म्हणून लागेल.